दिवाळीपुरती बेकारी

सुरतेतल्या दिंडोलीच्या त्या गल्लीत वरची खोली चढवलेली घरं पुष्कळ होती, पण दाराशिवायची वरची खोली एकच होती आणि ती योगिताची होती. भिंती होत्या, स्लॅब होता, खिडकीला जाळी होती. पंखा तर असा की दोन नंबरवर लावला तरी भिंतीवरचं कॅलेंडर मार्च महिन्यापर्यंत मागे जायचं. फक्त दाराच्या जागी एक जांभळी चादर टांगलेली होती, आणि वारा सुटला की ती जिन्यावरून येणाऱ्याच्या तोंडावर आपटायची.

ही खोली योगिताने स्वतःसाठी मागितली होती. सबंध संसारात तिने मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली होती मिक्सर. खाली दीड खोलीत सासरे निंबाअप्पा, त्यांचा रेडिओ, नवरा सुकदेव, त्याचे मित्र आणि दहावीतली मुलगी दिपाली एवढी मंडळी बारा वर्षं सुखाने नांदत होती, म्हणजे एकमेकांच्या अंगावर नांदत होती. योगिताचं म्हणणं एवढंच होतं की दिवसातून अर्धा तास आपल्याला लावता येईल असं एक दार असावं. खोली नसली तरी चालेल, असंही ती एकदा म्हणाली होती, पण नुसतं दार कुठे बसवणार, म्हणून खोली बांधावी लागली.

खोलीसाठी अडीच लाखांचं पर्सनल लोन काढलं. योगिता पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये होती. गिऱ्हाइकाने दिलेल्या कापडाचा रंग जसाच्या तसा काढायचा, हे तिचं काम. तिथे रंग मिलिग्रॅममध्ये तोलतात. तिच्या हातून चूक झाली तर दोन हजार मीटर मोरपंखी कापड शेवाळी होऊन बाहेर पडतं. अशी बाई खोलीचा हिशेब कसा करेल हे सांगायला नको. विटा, सिमेंट, मजुरी, पंखा आणि शेवटी दार: सगळं मिळून बरोबर दोन लाख चव्वेचाळीस हजार. वरचे सहा हजार फायनान्स कंपनीच्या फीत जाणार हेही तिने धरलेलं होतं.

खात्यात आले दोन लाख एकोणतीस हजार सातशे, म्हणजे दाराचे पैसे आलेच नाहीत.

योगिताने पासबुक तीनदा पाहिलं. मग कंपनीला फोन केला. तिकडून एका गोड आवाजाने सांगितलं की चौदा हजार तीनशे रुपये हप्ता-सुरक्षा विम्याचे कापले, कर्जाबरोबर तो घ्यावाच लागतो, आणि साहेबांची नोकरी गेली तर तीन हप्ते विमा कंपनी भरेल. योगिताने विचारलं, घ्यावाच लागतो असं कुठे लिहिलं आहे? गोड आवाज म्हणाला, मॅडम, सगळेच घेतात. लॅबमध्ये असं उत्तर दिलं असतं तर दोन हजार मीटर शेवाळी.

ती संध्याकाळ तिने गणितात घालवली. हे चौदा हजार तीनशे कर्जातूनच गेले होते, म्हणजे त्यावर तीन वर्षं सोळा टक्क्यांनी व्याजही जाणार होतं. उत्तर आलं अठरा हजार शंभर. आपण न मागितलेली वस्तू आपल्यालाच उधारीवर विकली गेली आहे, आणि त्या उधारीचं व्याजही आपणच भरणार आहोत, हे लक्षात आल्यावर तिला रागापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. इतकी नेटकी चोरी तिने आधी पाहिली नव्हती.

विम्याचा कागद ई-मेलवर आला होता, म्हणजे सुकदेवच्या ई-मेलवर. तो ई-मेल कधीकाळी मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलेला आणि त्याचा पासवर्ड मोबाइलच्या खोक्यावर होता. खोक्यात निंबाअप्पांची कवळी होती. एवढे अडथळे पार करून योगिताने चौतीस पानं काढली आणि रोज चार पानं, ओळीखाली फूटपट्टी धरून, वाचली. अकराव्या पानावर तिला जे हवं होतं ते सापडलं. कागद मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत विमा परत करता येतो, किरकोळ कापून पैसे परत मिळतात. कागद आला होता दहा ऑक्टोबरला. शेवटची तारीख नऊ नोव्हेंबर.

ही बातमी घरात सांगायला नको होती. पण घर दीड खोल्यांचं होतं.

शेजारच्या प्रमिलाबाई सकाळीच येऊन बसल्या. विमा म्हणजे दृष्ट काढून ठेवलेली असते, ती उलटी करू नये, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या नंदुरबारच्या चुलतदिराने असाच विमा मोडला आणि आठव्या दिवशी त्याची म्हैस गेली. विमा म्हशीचा होता का, असं योगिताने विचारलं. नाही, स्कूटरचा, पण गेली ना म्हैस, असं प्रमिलाबाई म्हणाल्या आणि चहाला हात घातला.

समोरचे छगनभाऊ सुतार सज्जन माणूस. त्यांनी सल्ला दिला नाही, तोडगा दिला. दार आणि चौकट मी आजच बसवतो, महिन्याला पाचशे द्या, व्याज नाही आणि विमाही नाही, असं ते म्हणाले. योगिताने आभार मानून नकार दिला. हप्ता आठ हजार सातशे एकोणनव्वदचा होता आणि तो दिल्यावर महिन्याच्या हिशेबात कुठेही पाचशे रुपये शिल्लक नव्हते. तिने सगळीकडे पाहिलं होतं, निंबाअप्पांच्या तंबाखूतसुद्धा.

निंबाअप्पांनी आपलं मत अहिराणीत आणि थोडक्यात दिलं. "दार नही ते ती खोली कसानी? ओटा शे तो."

योगिता रजा टाकून रिंगरोडच्या ऑफिसात गेली. एका कापड मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं आणि तिथल्या टेबलावर चेतन नावाचा तरुण होता. तो तिच्याशी हिंदीत, फोनवर गुजरातीत आणि कॉम्प्युटरशी मनातल्या मनात बोलत होता. त्याने सांगितलं की विमा रद्द करायचं बटणच त्याच्या सिस्टिममध्ये नाही. योगिताने अकरावं पान पुढे केलं. चेतनने ते पान पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं, आणि बहुधा ते खरंच असावं. मग म्हणाला, अर्ज कर्जदाराने द्यायला हवा, तुम्ही कोण?

योगिताला हे लागलं. कारण त्या कर्जाच्या फायलीत पगाराची स्लिप होती ती तिची. सुकदेवकडे स्लिप नव्हतीच; लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारिगराला पगार मीटरवर मिळतो, जितकं कापड उतरेल तितके पैसे. पण फॉर्म भरायला घरी आलेल्या एजंटाने म्हटलं होतं, "साहेबांचं नाव वर राहू द्या, शोभून दिसतं." आणि नाव शोभून दिसावं म्हणून योगिता खालच्या ओळीत गेली होती. आता खालच्या ओळीतल्या माणसाला टेबलावरचा पोरगा विचारत होता, तुम्ही कोण.

"जिच्या पगारावर हे कर्ज मिळालं ती मी," ती म्हणाली.

चेतनने मान हलवली आणि साहेबांना घेऊन या, असं सांगितलं. दिवाळीनंतर. दिवाळीत विमा विभागाची माणसं गावी जातात.

सुकदेवला हे सगळं फारसं रुचत नव्हतं. तो चौदा वर्षं एकाच शेठकडे होता, बारा लूम्स एकटा सांभाळायचा, आणि बायको आपल्या नावाच्या कर्जासाठी जिने चढउतार करते ही गोष्ट त्याला सलत होती. मी बघतो, असं तो दोनदा म्हणाला. नवऱ्याचं 'मी बघतो' किती दिवस टिकतं हे योगिताला ठाऊक होतं, म्हणून तिने नुसता अर्ज टाइप करून त्याची सही घेतली आणि फाइलमध्ये ठेवला.

अठरा तारखेला लूम्स बंद झाले. सुरतेत हे दरवर्षीचंच आहे. दिवाळीला खातं बंद होतं, यंत्रांवर कापड टाकतात, माणसं खानदेशात जातात आणि देवदिवाळीच्या सुमारास परत येतात. या वर्षी खोलीच्या खर्चामुळे सुकदेव गावी गेला नाही. वीस दिवस काम नसलेला बारा लूम्सचा कारीगर घरात बसला की घराचं काय होतं ते योगिताने पाहिलं. त्याने पंखा दोनदा उघडून परत लावला. आता तो एक नंबरवरही कॅलेंडर उडवू लागला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, योगिता कामावर गेली असताना, कुंदन आला. कुंदन सुकदेवच्याच खात्यात होता, आणि त्याच्या डोक्यात नेहमी एक कल्पना तयार असायची. विम्याची हकीकत ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला. नोकरी नसली तर कंपनी हप्ते भरते ना? मग आज तुझ्याकडे नोकरी आहे का?

सुकदेवने विचार केला. खातं बंद होतं. मीटर पडत नव्हते. पगार नव्हता. अठरा तारखेपासून आपण बेकार आहोत हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

दोघांनी वरच्या खोलीत बसून, चादर ओढून घेऊन, कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने आस्थेने सगळं विचारून लिहून घेतलं.

"कामावरून कशामुळे काढलं, सर?"

"दिवाळीमुळे."

"म्हणजे काही वाद झाला का?"

"वाद कशाला? शेठने पेटी दिली की मिठाईची. दर वर्षी देतात."

"मग सर, परत कामावर घेणार आहेत का?"

सुकदेव खरं बोलणारा माणूस होता. "घेतील ना. देवदिवाळीला."

मुलीने तेही लिहून घेतलं. मग तिने दाव्याचा नंबर दिला. सुकदेवने तो नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिला, आणि संध्याकाळी योगिता मिलच्या बसमधून उतरून घरी आली तेव्हा तो चहा करून तिची वाट पाहत बसला होता. लग्नाच्या सतरा वर्षांत हे तिसऱ्यांदा घडत होतं. पहिल्या दोन वेळीही त्याने काहीतरी करून ठेवलेलं होतं.

"तू पैसे परत मागत होतीस चौदा हजार," तो म्हणाला, "मी तीन हप्तेच मागितले. सव्वीस हजार होतात."

योगिताने चहा पूर्ण प्यायला. मग फाइल काढून एकोणिसावं पान उघडलं आणि फूटपट्टी ठेवली. एकदा दावा केला की विमा परत करता येणार नाही, असं तिथे लिहिलं होतं. सुकदेवने ते वाचलं. कुंदन तेवढ्यात कुठेतरी जायला निघाला.

ती त्याला रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. फायनान्स कंपनीने शेठला फोन करून विचारलं की सुकदेवला कामावरून काढलं हे खरं का. शेठ तेव्हा सहकुटुंब द्वारकेला होते. दर्शनाच्या रांगेतून बाहेर येऊन त्यांनी सुकदेवला फोन केला. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि ते जास्त वाईट.

"सुकदेव, तें काम छोडी दीधुं? मने पूछ्युं पण नहीं?"

सुकदेवने समजावलं, की काम सोडलं नाही, शेठ, फक्त बेकार आहे. ते शेठना कळलं नाही. ज्याने बारा लूम्स आपल्या मनाने सोडले त्याला अडवायचं नाही म्हणून त्यांनी पुढच्या दोन दिवसांत दुसरा कारीगर बोलून ठेवला. ही बातमी कुंदननेच आणली. सुकदेव त्या रात्री जेवला नाही. चौदा वर्षांत एक दिवस खाडा न केलेला माणूस, आणि आता त्याची खरोखर नोकरी जायची वेळ आली होती, तीही विम्यापायी. प्रमिलाबाईंनी म्हशीची आठवण करून दिली.

शेवटी शेठ परत आल्यावर योगिताच सुकदेवबरोबर त्यांच्याकडे गेली. तिने शेठना विम्याचा कागद, फोनची तारीख आणि दिवाळीच्या सुट्टीची पाटी या क्रमाने समजावून सांगितलं. शेठ आधी ऐकत राहिले, मग हसू लागले, आणि इतके हसले की पाण्याचा ग्लास मागवावा लागला. सुकदेवची जागा राहिली. पण त्या दिवसापासून मार्केटमध्ये त्याला "दिवाळीमुळे" असं नाव पडलं आणि तो मान खाली घालून घरी आला.

चार नोव्हेंबरला विमा कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. सुकदेवने ते उभ्यानेच वाचून योगितापुढे टाकलं, म्हणजे आता हप्तेही गेले आणि चौदा हजारही गेले. घरात सुतक पडल्यासारखं झालं. निंबाअप्पांनी रेडिओ बंद केला.

योगिताने पत्राखाली फूटपट्टी धरली. दुसऱ्या ओळीवर ती थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. लॅबमध्ये कधी कधी पहिल्याच बुडीत रंग नेमका उतरतो. चिंधी पाण्यातून वर येते आणि नमुन्याशेजारी ठेवली की दोन्हींतली रेघ दिसेनाशी होते. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते आता आलं. घरात कोणी ते ओळखलं नाही, कारण लॅब त्यांनी पाहिलेली नव्हती.

पत्रात लिहिलं होतं की विमाधारक मासिक पगारावर नसून मीटरच्या दरावर काम करतो, सबब नोकरी जाण्याचं संरक्षण त्याला पहिल्या दिवसापासून लागूच होत नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "रेडिओ लावा."

सात तारखेला ती पुन्हा रिंगरोडला गेली, या वेळी सुकदेवला घेऊन. चेतनने नेहमीप्रमाणे सिस्टिमकडे पाहिलं आणि सांगितलं की दावा नोंदलेला आहे, आता विमा परत होत नाही. योगिताने मॅनेजरना भेटायचं आहे म्हटलं. मॅनेजर मीटिंगमध्ये होते. ठीक आहे, ती म्हणाली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून तिने डबा उघडला. डब्यात कळण्याची भाकरी, शेवेची भाजी आणि भरपूर लसणाचा ठेचा होता. एसी चालू होता आणि खिडक्या बंद होत्या. पाव तासात मॅनेजरची मीटिंग संपली.

मॅनेजर वयस्क आणि थकलेले गृहस्थ होते. योगिताने त्यांच्यापुढे तीन कागद ठेवले: फॉर्म, ज्यात एजंटाने सुकदेवपुढे 'नोकरदार, मासिक पगार' असं लिहिलं होतं, नामंजुरीचं पत्र, आणि सुकदेवच्या सहीचा अर्ज. आवाज चढवला नाही. तिला तो चढवता येतही नव्हता.

"दावा करणाऱ्याला विमा परत देता येत नाही, हे बरोबर आहे," ती म्हणाली. "पण तुमची विमा कंपनीच लिहून देते की यांना हा विमा लागूच नव्हता. जे लागूच नव्हतं त्याचा दावा कसला, आणि त्याचे पैसे कशाचे?"

मॅनेजरनी पत्र दोनदा वाचलं. मग सुकदेवकडे पाहून विचारलं, "हे पत्र तुम्हाला मिळालं कसं?"

"मी बेकार झालो होतो," सुकदेव मान वर करून म्हणाला. "दिवाळीमुळे."

मॅनेजरनी पत्र खाली ठेवलं. त्यांनी अर्ज घेतला. योगिताने आपल्या प्रतीवर पोच मागितली, शिक्का, सही आणि तारीख. शिक्का सापडत नाही, असं चेतन म्हणाला. योगिताने डब्याच्या झाकणाला हात लावला. शिक्का सापडला.

बावीस दिवसांनी तेरा हजार नऊशे रुपये कर्जखात्यात जमा झाले आणि हप्ता आठ हजार दोनशे नव्वदवर आला. आधीच्यापेक्षा चारशे नव्याण्णव रुपये कमी. योगिता छगनभाऊंकडे गेली आणि म्हणाली, महिन्याचे पाचशे आता जमतील, फक्त एक रुपया कमी पडतोय. यावर सुकदेव मागून पुढे आला, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि छगनभाऊंच्या हातावर ठेवलं.

"दर महिन्याचा माझा," तो म्हणाला. "दारात माझा पण वाटा पाहिजे."

दार आलं. चौकटीला हळदकुंकू लागलं, प्रमिलाबाईंनी नारळ फोडला, आणि सुकदेवने जमलेल्या गल्लीला सगळी हकीकत सांगितली. तिच्यात मुख्य गोष्ट अशी होती की त्याने मुद्दामच दावा लावला, म्हणून ते पत्र आलं, म्हणून पैसे सुटले. कुंदन मान डोलवत होता. योगिताने दुरुस्ती केली नाही. काही पदार्थ असे असतात की ते स्वतः काही करत नाहीत, पण ते भांड्यात पडल्याशिवाय क्रियाही पुरी होत नाही. तिने हे लॅबमध्ये शेकडो वेळा पाहिलं होतं. आणि हकीकतीच्या शेवटी सुकदेव जे म्हणाला ते तिला पुष्कळ होतं. "चौतीस पानं वाचली हिने," तो म्हणाला होता. "चौतीस. मला तर तीन पानांत झोप लागते."

त्या संध्याकाळी ती वर गेली, दार लावलं, कडी घातली आणि खुर्चीत बसली. चार मिनिटं झाली असतील. कडी वाजली.

प्रमिलाबाई होत्या. पदराखालून त्यांनी एक फाइल काढली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या की आपलं नाही, भाचीचं आहे, तिच्याही कर्जातून असंच काहीतरी कापलं आहे म्हणे. त्यांच्या मागे जिन्यावर कुंदन होता, हातात कागदांची गुंडाळी. त्याच्यामागे दोन पायऱ्या खाली छगनभाऊ होते आणि नजर चुकवत होते.

खालून निंबाअप्पांचा आवाज आला. "दार उनं, पन ते लागस कव्हय?"

योगिताने जिन्याकडे पाहिलं. मग तिने दार पूर्ण उघडलं, वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला विटेची टेकण लावली, फूटपट्टी घेतली आणि प्रमिलाबाईंना खुर्ची दिली.

"बसा," ती म्हणाली. "कागद कोणत्या तारखेला मिळाला?"